छप्पन लिटर आणि पाच किलो

आदरणीय नाना,

तुम्हाला आणि आईंना वाकून नमस्कार. (हल्ली वाकताना उजव्या मांडीत कळ येते, तिचं कारण पुढे येईल; पण नमस्कार पूर्ण वाकून केला आहे असं समजावं.) तुमचा गुडघा आता किती पायऱ्या कबूल करतो? आईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, आणि निघाल्यावर घरातली धूळ त्यांना पहिल्यांदा स्पष्ट दिसली तेव्हा तुमची काय अवस्था झाली, ते सविस्तर कळवावं. आमच्याकडे तुमची नात वसतिगृहात रमली आहे, म्हणजे फोन करत नाही. तुमची कन्या ठीक. मी ठीक आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे, कारण गेले तीन आठवडे मी ज्या अवस्थेत आहे तिला माझ्या रोजनिशीत मी 'धक्का' असं नाव दिलं आहे आणि रोज तोच शब्द लिहून आता लाज वाटते.

आधी एक कबुली. मागे फोनवर मी तुम्हाला 'एक दुचाकी घेतली' असं म्हणालो होतो. ते खोटं नव्हतं, पण मांजर आणि म्हैस दोन्ही चतुष्पाद असतात तेवढंच ते खरं होतं. प्रत्यक्षात मी लांबच्या प्रवासाची मोटरसायकल घेतली आहे. ती उभी असली की इमारतीतली मुलं तिच्याभोवती हळू बोलतात. सेहेचाळिसाव्या वर्षी हे का, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलं, रोजनिशीची चार पानं विचारलं. शेवटी निघालेलं उत्तर असं: लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि या काळात आम्ही दोघं, फक्त दोघं, कुठेही गेलेलो नाही. आधी माझी नोकरी, मग तिची नोकरी, मग नात लहान, मग नातीच्या परीक्षा. आता घरात दोनच माणसं उरली आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आम्ही जेवताना भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलतो आहोत. तेव्हा ठरवलं की समुद्रापर्यंत जायचं. आठ दिवस, आडवाटेने, मोटरसायकलवर, तुमच्या मुलीला मागे बसवून.

तिने नाही म्हटलं नाही. चादरीची दोन टोकं माझ्या हातात देऊन, दोन स्वतःच्या हातात धरून, घडी घालता घालता तिने अट सांगितली. पाठीला टेकायला काहीतरी पाहिजे आणि माझं सामान माझ्या ताब्यात राहील अशी जागा पाहिजे, नाहीतर तुम्ही जा, मी टाटा करते. नाना, मला ही अट इतकी रास्त वाटली की मी हातातली चादर सोडून दिली. (चादर जमिनीवर पडली. त्यावर जे बोलणं झालं ते इथे देत नाही.) दोन्ही गोष्टी एकाच वस्तूने होतात: मोटरसायकलच्या मागे बसवायची ट्रंक. आत सामान, बाहेरून पाठ.

आता दुकान. असं दुकान तुम्ही नोकरीतही पाहिलं नसेल. छतापासून जमिनीपर्यंत काळ्या, करड्या, चंदेरी पेट्या एकावर एक, आणि मधे एका उंच स्टुलावर मालक. हा गृहस्थ फक्त लिटरमध्ये बोलतो. मी विचारलं, कपडे किती मावतील? तो म्हणाला, बत्तीस लिटर. मी म्हटलं, आम्ही पाणी नेणार नाही, कपडे नेणार आहोत. तो म्हणाला, मग पंचेचाळीस घ्या. तुमची कन्या या संभाषणात पडली नाही. ती एकेका पेटीसमोर पाठ करून उभी राहत होती आणि हळूच मागे रेलून पाहत होती. मग तिने मालकाला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसली, मला मागे ट्रंक धरून उभं केलं आणि मालकाला म्हणाली, 'आता स्टूल हलवा. खराब रस्ता आहे असं समजा.' मालकाने इकडे तिकडे पाहिलं आणि हलवलं. मग म्हणाली, 'हा फार चांगला रस्ता झाला.' त्याने जोरात हलवलं. अशा रीतीने सात ट्रंका झाल्या. माझे हात भरून आले, मालकाला धाप लागली, आणि आठवी ट्रंक, छप्पन लिटरची, दुकानातली सगळ्यात मोठी, बाहेरून पाठीला गादी लावलेली, तिला पसंत पडली. मालक घाम पुसत म्हणाला, 'ताई, दुसरं कुठलं दुकान बघितलं होतं का आधी?' ती म्हणाली, 'नाही, तुमचंच पहिलं.' तो म्हणाला, 'तसंच वाटलं.'

इथे माझा पहिला दोष. माझी नोकरी काय आहे हे तुम्ही जाणता. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा जो घडीचा कागद असतो, तो शेवटपर्यंत वाचणारा जगात निदान एक माणूस असतो, आणि छापण्याआधी तो वाचण्याचा पगार घेणारा तो मी. तेवीस वर्षं मी 'लहान मुलांपासून दूर ठेवा' हे वाक्यसुद्धा दर वेळी नव्याने वाचतो. असा मी, त्या दुकानात, ट्रंकचं झाकण उघडून आत काय लिहिलं आहे ते न वाचता बाहेर पडलो. का? कारण ती त्या ट्रंकला टेकून हसली होती. हे कारण आहे, समर्थन नाही.

दुसऱ्या दिवशी फिटरकडे गेलो. त्याला सगळे 'सर्जन' म्हणतात, कारण तो गाडीवरची नजर न काढता हात मागे करतो आणि 'दहाचा पाना' असं म्हणतो. (द्यायला कोणी नसतं. जरा वेळ हात तसाच धरून मग तो स्वतःच उठून घेतो.) त्याने ट्रंकची पट्टी गाडीच्या मागच्या कॅरिअरवर ठेवली, डोकं वाकडं केलं, पट्टी फिरवली, डोकं सरळ केलं आणि म्हणाला, 'बसत नाही.' मी माहितीपुस्तिका काढून त्याला पान वाचून दाखवलं, त्यात बसते असं लिहिलं होतं. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, 'छान वाचता तुम्ही. चार भोकं पाडावी लागतील.' नव्या गाडीला, नाना. अजून सीटवरचा प्लास्टिकचा कागद काढला नव्हता. मी बाहेर जाऊन शेजारच्या शिंप्याच्या दुकानासमोर उभा राहिलो, पण ड्रिलचा आवाज तिथेही येत होता. शिंपी म्हणाला, 'आत कोणी नातेवाईक आहे का?'

तासाभराने ट्रंक बसली. खाली लोखंडी पट्टी आणि कंसासारखे दोन दांडे, मिळून तीन किलो, वर ट्रंक, किल्ली फिरवली की निघते, पुन्हा फिरवली की बसते. मी सर्जनचे आभार मानले, ऐटीत उजवा पाय मागून फिरवला आणि पूर्ण ताकदीने ट्रंकला लाथ मारली. इतके दिवस तिथे हवा होती, आता तिथे छप्पन लिटर होते. मी, गाडी आणि सर्जनची पान्यांची पेटी असे तिघे एका बाजूला कलंडलो. माझ्या मांडीची कथा ती ही. सर्जनने आधी गाडीला काही झालं का ते पाहिलं, मग पेटी पाहिली, मग मला. म्हणाला, 'पहिल्या दिवशी सगळेच मारतात, साहेब. पाय मागून नाही, गुडघा छातीशी घेऊन पुढून आणायचा.' मी गुडघा छातीशी नेण्याचा शेवटचा प्रयत्न शाळेत केला होता. तरी वीस-पंचवीस वेळा करून जमवलं. शिंपी मधे मधे येऊन कुठे ताण पडतो ते सांगत होता, आणि ते बरोबर होतं, कारण चोविसाव्या वेळी पँट तिथेच उसवली.

मग तुमची कन्या कचेरीतून आली. पायटेकावर पाय ठेवून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, मी आणि ट्रंक यांच्यामधल्या त्या चिमूटभर जागेत ती अशी उतरली जशी खूण पुस्तकात सरकते. मागे टेकली. डोळे मिटले. 'हं,' म्हणाली. नाना, तिचे 'हं' मी एकवीस वर्षं ऐकतो आहे. त्यात नाराजीचा आहे, बघू या म्हणणारा आहे, तुम्ही बोलत राहा मी ऐकत नाही असा एक आहे. हा 'हं' मी याआधी एकदाच ऐकला होता, नातीला पहिल्यांदा तिच्या कुशीत दिलं तेव्हा. तेव्हाच मला कळलं की ही सहल मला किती हवी आहे. हे मी मुद्दाम लिहितो, म्हणजे पुढचा प्रकार वाचताना तुमच्या लक्षात येईल की माझं काय पणाला लागलं होतं.

घरी आलो. ट्रंक काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, झाकण उघडलं. आत झाकणावर एक इवलीशी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. सवयीने चष्मा लावला. 'या पेटीत पाच किलोपेक्षा अधिक वजन ठेवू नये.' मी पुन्हा वाचलं. टिंब कुठे गळलं आहे का, पाचच्या पुढे काही पुसलं गेलं आहे का, हे बोट फिरवून पाहिलं. पाच. छप्पन लिटर आणि पाच किलो. म्हणजे दोन माणसं घडी घालून बसतील एवढं कपाट घ्यायचं आणि त्यात रुमाल ठेवायचे. मी तुमच्या मुलीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, 'मग उशा नेऊ. मावतील.' तिला हसू येत होतं. मला येत नव्हतं, कारण चिठ्ठीच्या खाली आणखी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वाहनाची एकूण भारमर्यादा वाहनाच्या पुस्तिकेत पाहावी. पाहिली. पान एकशे बारा. चालक, सहप्रवासी, सामान आणि नंतर बसवलेल्या सर्व वस्तू मिळून एकशे साठ किलो. मी खाली बसलो. खुर्ची होती, पण ते मला बसल्यानंतर कळलं.

दुसरा कोणी असता तर त्याने पुस्तिका मिटली असती. तुमच्या जावयाला ते शक्य नाही, आणि त्यात थोडा दोष तुमचाही आहे. वजनमापे निरीक्षक म्हणून तुम्ही बत्तीस वर्षं काढलीत, आमच्याकडे आलात की साखरेची पिशवी हातात उचलून 'साडेनऊशे ग्रॅम' म्हणता, आणि ती साडेनऊशेच निघते. अशा माणसाच्या घरात लग्न करून पाच-दहा किलोंकडे डोळेझाक कशी करायची? आमच्याकडे न्हाणीघरातला एक काटा आहे. त्यावर मी स्वयंपाकघरात एक्क्याऐंशी भरतो, झोपायच्या खोलीत चौऱ्याऐंशी आणि व्हरांड्यात काहीच नाही. तेव्हा मी ठरवलं की वजन करायचं तर शिक्क्याच्या काट्यावर, आणि असा काटा आमच्या भागात एकच आहे, पार्सल कचेरीतला, जमिनीत बसवलेला.

तुमच्या मुलीला तयार करायला चार दिवस गेले. तिच्या अटी: कोणी ओळखीचं नसताना जायचं, मी काट्याकडे पाठ करून उभं राहायचं, आकडा कोणी मोठ्याने उच्चारायचा नाही, आणि मी तो पुढे कोणालाही, 'नानांनासुद्धा', सांगायचा नाही. मी मान्य केलं. कारकून मात्र मान्य करेना. म्हणाला, 'माणसाची पावती होत नाही.' मी म्हटलं, पावती नको, आकडा हवा. 'पत्ता कुठला घालू?' घालू नका. 'मग हे पार्सल जाणार कुठे?' मी म्हटलं, समुद्रापर्यंत. त्याने पेन खाली ठेवलं आणि तुमच्या मुलीकडे पाहून म्हणाला, 'नाजूक माल, असा शिक्का मारून देऊ का?' ती म्हणाली, 'यांच्यावर मारा.' त्यानंतर दोघांचं एकदम जमलं आणि काम झालं. आधी ट्रंक, मग मी. मग माझी पाळी पाठ करून उभं राहायची. समोरच्या भिंतीवर पाठवण्यास मनाई असलेल्या वस्तूंची यादी होती, ती मी वाचली. (स्फोटकं, ज्वालाग्राही द्रव, जिवंत प्राणी. छापणाऱ्याने 'जिवंत प्राणी' दोनदा घातलं आहे, मी कारकुनाच्या नजरेस आणलं.) कारकुनाने चिठ्ठी चार घड्या घालून माझ्या हातात दिली.

आता हिशेब. ट्रंक सहा किलो. पट्टी आणि दांडे तीन. ट्रंकमधलं सामान, मर्यादेप्रमाणे, पाच. दोघांची हेल्मेटं आणि जाड जाकिटं मिळून पाच. मी त्र्याऐंशी. तुमच्या कन्येचं वजन मी वचन दिल्याप्रमाणे लिहीत नाही. सगळं मिळून एकशे पासष्ट. मर्यादा एकशे साठ. पाच किलो जास्त. मी ही बेरीज वरून खाली केली, खालून वर केली, अंकांत केली आणि मनाचं समाधान व्हावं म्हणून अक्षरांतही केली.

इथपर्यंत जे झालं ते दुर्दैव म्हणता येईल. पुढे जे झालं ते मी केलं. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. मी कागद घेऊन गेलो आणि म्हणालो, 'तुझ्यामुळे पाच किलो जास्त होतात.'

नाना, हे वाक्य मी त्यानंतर रोज तपासतो आहे. छपाईला जाऊन चुकलेलं वाक्य असतं तसं. बेरजेत सहा आकडे होते. त्यात सगळ्यात मोठा आकडा माझा होता. तिचा केवळ शेवटी लिहिला होता, कारण चिठ्ठी शेवटी उघडली. पदवीपर्यंत गणित घेतलेला माणूस मी, बेरजेत शेवटचा असा कोणी नसतो हे मला माहीत आहे. तरी 'माझ्यामुळे' म्हणायला जी जीभ वळायला हवी होती ती वळली नाही. माझ्या मनात काय होतं? मी हे जाणूनबुजून केलं का? तिला नेण्याच्या जबाबदारीची मला आतून भीती वाटत होती आणि म्हणून मी एक सरकारी शिक्क्याचं कारण शोधलं का? या प्रश्नावर रोजनिशीची सहा पानं खर्ची पडली आहेत आणि उत्तर 'नाही' असं आहे, पण ते मीच दिलेलं असल्यामुळे त्याला फारशी किंमत नाही. तिने काय केलं ते सांगतो. हातातली वाटी पुसली. ती आधीच पुसलेली होती. 'बरं,' म्हणाली.

भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती या विषयावर एक अक्षर बोललेली नाही. मी पर्याय मांडले. ट्रंक काढून टाकावी, तर पाठीला टेकायला नाही, म्हणजे तिची अट मोडली. (शिवाय गाडीला चार भोकं राहतात, त्यांतून पलीकडचं दिसतं.) सामान न्यायचं नाही, तर बरोबर पाच किलो वाचतात, पण मग मोकळी ट्रंक पाठीशी घेऊन आठ दिवस अंगावरच्या कपड्यांनिशी हिंडायचं. हे मी सुचवलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर आईंकडून आली असावी. उरला एकच मार्ग. मी कमी व्हायचं. गेले तीन आठवडे मी साखर, तळलेलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेणं हे तिन्ही बंद केलं आहे. सकाळी साडेपाचला ती मला हाक मारून उठवते आणि मी टेकडीला वळसा घालून येतो. कुत्री पहिल्या दिवशी भुंकली, आता नुसती मान वर करतात. पार्सल कचेरीत दर शनिवारी जातो. कारकून मला 'न पोचलेलं पार्सल' म्हणतो. कालचा आकडा एक्क्याऐंशी. दोन गेले, तीन राहिले, आणि निघायला तीन आठवडे आहेत.

वजन जाईल. मला धास्ती वेगळीच आहे. मी तिला परवा सरळ विचारलं, तुला यायचं आहे ना? ती म्हणाली, 'वजनात बसले तर.' आणि खिडकी पुसायला लागली. यातून मी काय समजायचं? तिला यायचं नाही आणि माझा आकडा कमी होऊ नये अशी ती मनातून वाट बघते आहे? की त्या 'तुझ्यामुळे'नंतर मोटरसायकलवर मी पुढे आणि ती मागे, ही कल्पनाच तिला नकोशी झाली आहे? एकट्याने समुद्रापर्यंत जाऊन मी काय करू? पाण्याकडे पाहून परत येऊ? त्यासाठी मोटरसायकल लागत नाही. मला ती मागे बसलेली हवी आहे. जादा होते ते पाच किलो तिच्या एकटीचे नव्हते, आमच्या दोघांचे होते, खरं तर बरेचसे माझे होते. हे तिला तोंडाने सांगायला गेलो की मी आकडे सांगू लागतो. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही तिला ओळखता.

हे पत्र तिच्याकडेच टाकायला देतो आहे, कारण पोस्ट तिच्या कचेरीच्या वाटेवर आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, घरातला गोंद वाळला आहे, तिच्या कचेरीतल्या टेबलावर मिळेल. ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली नाही, हे एकवीस वर्षांच्या अनुभवाने खात्रीपूर्वक सांगतो.

आईंना डोळ्यांत औषध वेळेवर घालायला सांगावं आणि बाटलीबरोबरचा कागद वाचावा. तो मी तपासलेला आहे.

तुमचा,
जावई

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही एकदा जेवताना म्हणाला होतात की कितीही चांगल्या काट्याला थोडी चूक माफ असते आणि ती किती असावी हे नियमात ठरलेलं असतं. समजा तीन आठवड्यांत माझे तीन किलो गेले नाहीत, तर दोन माणसं, एक ट्रंक आणि एक मोटरसायकल यांच्या एकत्रित भारात तीन किलोंची चूक माफ होऊ शकते, असं तुम्ही तुमच्या जुन्या हुद्द्यानिशी एका कागदावर लिहून, सही करून पाठवाल का? निवृत्त माणसाच्या सहीला कायद्यात वजन नसतं हे मला माहीत आहे. मला ते कायद्यासाठी नको आहे. तो कागद खिशात असला तर मी गाडी चालवताना मागच्या चाकाकडे बघणार नाही.

आणखी एक ता. क. वर रोजनिशीची सहा पानं असं लिहिलं आहे, ती साडेपाच आहेत.

नाना,

ही मी. पत्र वाचलं. गोंद लावताना डोळे मिटता येत नाहीत.

वजाबाकी करू नका. केलीच असणार, तर जो आकडा आला त्यातून आणखी सहा वजा करा. मी काट्यावर उभी राहिले तेव्हा ट्रंक माझ्या हातात होती. जमिनीवर धूळ होती आणि नवी कोरी वस्तू कुठे ठेवणार? त्या कारकुनाला वाटलं असणार की माल असाच मोजायचा आहे. हे तिकडे भिंतीला जिवंत प्राणी दोनदा का छापले ते सांगत होते. चिठ्ठी ह्यांनी घरी आल्यावर उघडली, ट्रंक एकदा वेगळी आणि एकदा माझ्यासकट मोजली. मी तुमची मुलगी, मला आकडा बघताक्षणी कळलं. सांगणारच होते, तोंडही उघडलं होतं, तेवढ्यात 'तुझ्यामुळे' आलं. मग म्हटलं, असू द्या.

म्हणजे आम्ही पहिल्या दिवशीच मर्यादेच्या एक किलो आत होतो आणि आज तीन किलो आत आहोत. ह्यांना डॉक्टरांनी दोन वर्षं वजन कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा हे डॉक्टरांना त्यांच्या गोळ्यांच्या कागदातल्या चुका दाखवून आले होते. आता रोज टेकडीला वळसा होतो आहे, जिना चढताना धाप लागत नाही. तेव्हा तुम्ही लगेच उत्तर पाठवा आणि लिहा की नियमात बसत नाही, चूक माफ होणार नाही, तीन म्हणजे तीन. त्यांचा तुमच्या सहीवर फार विश्वास आहे. आकडा अठ्ठ्याहत्तर झाला की मी सांगेन, आणि 'बरेचसे माझे होते' हे मी वाचलं आहे हेही तेव्हाच सांगेन.

यायचं आहे का म्हणे. ट्रंक घरी आली त्या दिवशीच मी पिशवी भरली. कपाटात मागे ठेवली आहे, त्यांना माहीत नाही. तिचं वजन केलेलं नाही आणि करणारही नाही.